काटेसावरीचा काटा आणि हळदीची ट्यूब

नागपूरच्या केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याचे दोन वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दोन्हींत प्रश्न एकच होता: आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी वस्तू औषध धरायची की प्रसाधन? दोन्हींचा कर वेगळा, त्यामुळे उत्तराला रोख किंमत होती. बैद्यनाथचं लाल दंतमंजन हरलं. लोक ते सकाळी दात घासायला घेतात, दुखण्यावरचं औषध म्हणून घेत नाहीत, असं १९९५ मध्ये न्यायालयाने म्हटलं आणि २००९ मध्येही तेच कायम ठेवलं. विकोची हळदीची क्रीम मात्र जिंकली. ती आयुर्वेदिक औषधच ठरली.

दोन्ही नावं आम्हा नागपूरकरांच्या जवळची. बैद्यनाथच्या नावाचा चौक बसस्टँडजवळ आहे. विकोचे संस्थापक केशव विष्णू पेंढरकर मूळ नागपूरचे; १९५२ साली त्यांनी मुंबईत परळला हा उद्योग सुरू केला. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलामुलींनी ती पिवळी क्रीम मुरमांसाठी चेहऱ्याला लावली आहे. आमच्या घरी तिची जागा आरशाखालच्या फळीवर होती, पावडरचा डबा आणि कंगव्याच्या शेजारी. औषधांचा डबा स्वयंपाकघरात असे आणि तो आईच्या ताब्यात. क्रीम कधीही त्या डब्यात गेली नाही.

न्यायालयाने कराचा प्रश्न सोडवला, तो त्याच्या कक्षेतला होता. पण सतरा वर्षांच्या मुलीच्या गालावर आलेले मुरूम हा आजार आहे की सौंदर्यातली उणीव, हे आपण अजून ठरवलेलं नाही. मुरमांसाठी आयुर्वेदाकडे जायचं म्हणजे नेमकं कशाकडे जायचं, याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे. आयुर्वेदाने या दुखण्याला आजार मानलं, त्याची तपासणी सांगितली, उपचारांचा क्रम सांगितला. बाजाराने त्यातला लेप तेवढा उचलला आणि बाकीचं सोडून दिलं. लेपावर माझा राग नाही. जे सुटलं त्याची मला खंत आहे, आणि ते परत मिळवता येईल असं वाटतं म्हणून हा लेख.

आधी ग्रंथांत काय आहे ते पाहू. सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात ४४ क्षुद्ररोग येतात, त्यांत मुखदूषिका आहे. तारुण्यपिटिका हा आपला मराठी शब्द त्याच घराण्यातला. क्षुद्र म्हणजे किरकोळ, दुर्लक्ष करण्याजोगं, असा अर्थ कुणी घेऊ नये. याच अध्यायात अग्निरोहिणी नावाचा विकार आहे आणि तो काही दिवसांत माणसाला मारतो असं सुश्रुत सांगतो. ज्यांचं वर्णन थोडक्यात आटोपतं ते क्षुद्र. मुखदूषिकेचं वर्णनही थोडक्यातच आहे: तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, शाल्मलीच्या काट्यांसारख्या पिटिका, कारण कफ, वात आणि रक्त.

शाल्मली म्हणजे काटेसावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या बाजूला गेलात तर पानं झडलेल्या, लालभडक फुलांनी भरलेल्या सावरी दिसतील. फुलं सगळेच बघतात. एकदा खोड बघा. काटा बाभळीसारखा लांब, सुईसारखा नसतो. बूड रुंद, सालीत रुतलेलं, वर निमुळता होत जाणारा शंकू, कोवळ्या खोडावर एकाला लागून एक. गालावरच्या टणक, बुडाशी पसरलेल्या, दाबलं की दुखणाऱ्या मुरमाला यापेक्षा नेमकी उपमा मला तरी सुचत नाही. उपमा देणाऱ्याने रुग्णाचा चेहरा जवळून पाहिला होता आणि झाडही जवळून पाहिलं होतं.

पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात हेच वर्णन घेताना एक शब्द वाढवला, मेदोगर्भ. ज्यांच्या पोटात मेद आहे अशा पिटिका. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. आजचं त्वचाविज्ञान सांगतं की वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल करू लागतात, केसाच्या मुळाशी असलेलं छिद्र मृत पेशींनी बुजतं, तेल आत साचतं, तिथे जंतू वाढतात आणि दाह होतो. यातलं साचलेलं स्निग्ध द्रव्य वाग्भटाच्या नजरेने टिपलं होतं. त्यानंतर काही शतकांनी शार्ङ्गधराने प्रत्येक धातूचा मळ सांगताना चेहऱ्याचा तेलकटपणा आणि पिटिका शुक्रधातूच्या खात्यावर टाकल्या. वयात येणं, चेहरा तेलकट होणं आणि मुरूम उठणं या तीन गोष्टी एका माळेत ओवल्या गेल्या त्या अशा.

इथे थांबायला हवं. आपल्याकडे पुढचं वाक्य तयारच असतं, की म्हणजे सगळं आधीच सांगून ठेवलेलं होतं. तसं नव्हतं. त्या ग्रंथकारांकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, संप्रेरकं ठाऊक नव्हती, २०१६ पासून ज्याला क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस म्हणतात तो जंतू त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. डोळ्यांनी दिसेल आणि बोटांनी कळेल तेवढं त्यांनी असामान्य काळजीने नोंदवलं आणि त्यांच्या काळच्या चौकटीत बसवलं. त्यांना सर्वज्ञ ठरवलं की त्यांची निरीक्षणशक्ती, म्हणजे त्यांचा खरा पराक्रम, झाकला जातो.

शिवाय अर्धवट ऐकलेल्या शास्त्राचा त्रास भलत्यालाच होतो. शुक्राशी जोडलेला हा संबंध घराघरांत झिरपत एक वेगळंच वाक्य होऊन बसला आहे: लग्न झालं की जातात आपोआप. आमच्याकडे प्रत्येक मुरूमवाल्या मुलीला हे कुणी ना कुणी काकू ऐकवतेच, आणि मुलगा असेल तर मित्र त्याहून वाईट बोलतात. लग्नाचा आणि मुरमांचा काही संबंध नाही. पंचविशीच्या आसपास अनेकांचे मुरूम कमी होतात आणि लग्नंही त्याच सुमारास होतात, एवढंच. पण या वाक्यापायी चार-पाच वर्षं वाया जातात. खोल गाठीचे मुरूम तेवढ्यात गालावर खड्डे पाडून जातात, आणि खड्डा पडला की तो भरून काढणं मुरूम बरा करण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. कुणाची पाळी अनियमित असते, हनुवटीवर राठ केस येत असतात, वजन वाढत असतं. तिथे बीजाशयाचा विकार शोधायचा असतो आणि घरचे मुहूर्त शोधत असतात.

आता उपचार. वाग्भटाचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी लेप: लोध्र, धने आणि वेखंड, किंवा वडाची कोवळी पानं आणि नारळाची करवंटी. तेवढ्याने शमलं नाही तर वमन, नस्य आणि शेवटी कपाळावर सिरावेध, म्हणजे शीर टोचून रक्त काढणं. सुश्रुताने तर वमनावरच विशेष भर दिला आणि जोडीला वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरीचा लेप सांगितला. वमन किंवा शीर टोचणं आज प्रत्येकाने करून घ्यावं असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा क्रमाचा आहे. सौम्य दुखण्याला सौम्य उपाय; हटलं नाही तर रुग्ण पुन्हा वैद्यासमोर येणार, वैद्य पुन्हा बघणार, पायरी वर चढणार. लेप ही पहिली पायरी होती आणि तिच्यामागे वैद्याची नजर होती. ट्यूब विकत घेणाऱ्याला दुसरी पायरी असते हेच माहीत नसतं. गुण आला नाही तर तो दुसऱ्या कंपनीची ट्यूब घेतो.

या सगळ्याच्या आधी सुश्रुताचं एक सूत्र आहे, निदानपरिवर्जन. उपचार थोडक्यात सांगायचा तर ज्या कारणाने दुखणं आलं ते टाळणं. कारण टाळायचं तर ते विचारावं लागतं. म्हणून चांगला वैद्य अर्धा तास विचारतो. आग होते की खाज? पू होतो का? पोट साफ असतं का, झोप किती, पाळी केव्हा येते, पाळीआधी मुरूम वाढतात का? डोक्याला तेल किती थापतेस? कपाळावरचे मुरूम कित्येकदा या तेलानेच येतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ गाडीवरून उतरल्यावर सोडतेस की दिवसभर घामाने ओला तसाच? जिममध्ये जातोस तर डब्यातलं प्रोटीन घेतोस का? हे प्रश्न आयुर्वेदाच्या भाषेत विचारा की त्वचारोगतज्ज्ञाच्या, त्यांना उत्तर मिळालं की निम्मा मार्ग सापडतो. मुरमांच्या बाबतीत आयुर्वेदाची सर्वांत मोठी देणगी मला हीच वाटते, आणि ती कुठल्याही पाकिटात भरून विकता येत नाही.

आहाराचंच उदाहरण घ्या. आपले वैद्य शतकानुशतकं सांगत आले की खाण्याचा त्वचेशी संबंध आहे. आधुनिक वैद्यक बराच काळ ठामपणे नाही म्हणत राहिलं. त्या नकारामागे १९६९ चा एक अमेरिकन अभ्यास होता: ६५ जणांना चॉकलेटची किंवा चॉकलेटविना वडी दिली आणि फरक नाही असं जाहीर झालं. त्या वडीतही साखर आणि स्निग्धांश भरपूर होते, आणि अभ्यासाला चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचं साहाय्य होतं. तरी तो निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. २००२ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर १,२०० लोक तपासले गेले आणि एकाच्याही तोंडावर मुरूम सापडला नाही. त्यांचं खाणं कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. रक्तातली साखर हळू वाढवणारा आहार घेणाऱ्या गटाचे मुरूम दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरले. म्हणजे खाण्याचा संबंध आहे, हे वैद्यांचं म्हणणं खरं निघालं.

पण कुठल्या खाण्याचा? आमच्याकडे सगळा दोष तर्रीला आणि सावजीला दिला जातो. अंगात उष्णता झाली, दुसरं काय, असं म्हटलं की निदान संपलं. तिखटाविरुद्ध भक्कम पुरावा मला दिसत नाही. पुरावा बोट दाखवतो ते साखरेकडे, मैद्याकडे, काही जणांच्या बाबतीत दुधाकडे आणि दुधापासून केलेल्या प्रोटीन पावडरीकडे. तर्री-पोहे बंद करून रोज थंड पेयाची बाटली रिचवणाऱ्या मुलाचे मुरूम कसे कमी होतील? इथे परंपरेला नव्या ज्ञानाने दुरुस्त करून घ्यायला काय हरकत आहे? चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांनी आपापल्या काळात भर घातली आणि फेरफार केले. मेदोगर्भ हा शब्दच त्याची साक्ष आहे. तो सुश्रुताच्या वर्णनात नव्हता, वाग्भटाने घातला.

औषधांच्या बाबतीतही हीच कसोटी लावायला हवी आणि ती लावता येते, हे महाराष्ट्रातच दाखवलं गेलं आहे. १९९५ मध्ये पुण्याच्या परांजपे आणि कुलकर्णी यांनी चार आयुर्वेदिक योगांची तुलना प्रसिद्ध केली. ८२ रुग्ण, सहा आठवडे, काहींना निव्वळ बनावट गोळ्या, आणि कुणाला काय दिलं हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. चारांपैकी एकाच योगाने मुरूम लक्षणीय कमी झाले: कुडा, आवळा, वावडिंग आणि सुंठीची सुंदर वटी. बाकीच्या तीन योगांना तसा गुण आला नाही. मला या अभ्यासातला यशाइतकाच अपयशाचा भाग आवडतो. जो वैद्य स्वतःच्या तीन औषधांना गुण आला नाही असं छापतो त्याच्या चौथ्या औषधावर मी विश्वास ठेवीन. त्याआधी वर्षभर, १९९४ मध्ये, गाठीच्या मुरमांच्या अवघ्या २० रुग्णांवर गुग्गुळाच्या अर्काची टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाशी तुलना झाली होती. तीन महिन्यांत दोन्ही जवळपास सारखे उतरले, आणि ज्यांचे चेहरे फार तेलकट होते त्यांना गुग्गुळाचा गुण अधिक आला. गुग्गुळ आयुर्वेदात मेद कमी करणारा मानला जातो. मेदोगर्भ पिटिका आणि मेदोहर गुग्गुळ! २० रुग्णांवरून सिद्धान्त उभा राहत नाही हे मला कळतं. पण हा धागा २०० रुग्णांवर, मग २,००० रुग्णांवर ताणून पाहण्याजोगा होता. तीस वर्षं झाली. आयुर्वेदाच्या नावावर एवढा व्यापार होतो, तर या देशात हे काम आतापर्यंत मोठ्या प्रमाणावर व्हायला हवं होतं.

चाचणीचा आग्रह म्हणजे आयुर्वेदावर अविश्वास, असं मानणाऱ्यांना एकच सांगतो: नैसर्गिक या शब्दाने कुणाचं रक्षण होत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापला. सुमारे एक पंचमांश औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. बावची लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते. लिंबू चोळून नागपूरच्या उन्हात निघालेल्या मुलीच्या गालावर उठलेला काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही. घरची संत्र्याची सालं वाळवून केलेली पूड आमच्या शहराची लाडकी, पण फुटलेल्या पुटकुळ्यांवर ती घासणं म्हणजे जखमेवर काथ्या घासणं.

तरीही या सगळ्यांपेक्षा घातक एक ट्यूब आहे आणि ती आयुर्वेदिक नाही. माझ्या भाचीला अकरावीत मुरूम आले. घराजवळच्या एका औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, गोरं करणारी आणि डाग घालवणारी म्हणून तिला एक क्रीम मिळाली. आठवड्यात चेहरा तुकतुकीत झाला. सगळे खूश, मीसुद्धा. तीन-चार महिन्यांनी क्रीम एक दिवस चुकली की चेहरा लाल व्हायचा, आग व्हायची, आणि मुरूम आधीपेक्षा दुप्पट झाले. त्यात तीव्र स्टेरॉइड होतं. पोरगी वर्गात बसताना हनुवटीवर हात ठेवून बसू लागली, फोटोतून बाजूला होऊ लागली. आम्ही घरातली मोठी माणसं त्या ट्यूबवरचं नावसुद्धा कधी वाचत नव्हतो, याची मला आजही लाज वाटते.

ती एकटी नव्हती. त्वचारोगतज्ज्ञांनी देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, त्यांतले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्च २०१८ मध्ये सरकारने अशी १४ लावण्याची स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या यादीत आणली. कायदा झाला, दुकानाच्या काउंटरवर तो रोज पाळला जातो का हे प्रत्येकाने आपल्या गल्लीत बघावं. मला यात एक साम्य दिसतं. हळदीची ट्यूब असो की स्टेरॉइडची, विकत घेताना कुणी काही विचारलेलं नसतं. एकीने फारतर पैसे जातात, दुसरीने चेहरा जातो. पण न विचारण्याची चूक तीच.

हनुमाननगरात श्री आयुर्वेद महाविद्यालयाचं पक्वासा समन्वय रुग्णालय आहे. नाव मंगलदास पक्वासांचं, स्वातंत्र्यानंतर मध्यप्रांत-वऱ्हाडचे पहिले राज्यपाल. ते चालवणाऱ्या संस्थेच्या नावातही समन्वय हाच शब्द आहे: भारतीय वैद्यक समन्वय समिती. सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचाविभाग आहेत. एका शहरात, रिक्षाने अर्ध्या तासाच्या अंतरात, हे सगळं आहे. मुरमांसारख्या दुखण्यासाठी समन्वयाचा अर्थ फार साधा होऊ शकतो. सौम्य मुरूम असेल तर वैद्याने आहार, झोप, तेल, पोट बघावं, लेप द्यावा, आठ ते बारा आठवडे थांबायला सांगावं, कारण कुठल्याही पद्धतीत मुरूम त्याआधी नीट उतरत नाहीत. गाठी असतील, खड्डे पडू लागले असतील, तर त्याच दिवशी चिठ्ठी देऊन त्वचाविभागाकडे धाडावं. तिथे आयसोट्रेटिनोइनसारखं प्रभावी औषध आहे. गर्भारपणात ते अत्यंत धोक्याचं असल्याने देखरेखीखालीच घ्यायचं. आणि तिकडच्या डॉक्टरने गोळ्या लिहिताना रुग्णाला काय खातेस, कशी झोपतेस, घरी काय बोलतात, हे विचारायला पाच मिनिटं काढावीत. अशी चिठ्ठी देण्यात वैद्याचा पराभव नाही. लेपाने शमलं नाही तर पुढच्या पायरीला जा, असं वाग्भटानेच सांगून ठेवलं आहे.

माझी विनंती आईवडिलांना आहे. घरात तेरा ते वीसच्या दरम्यानचं मूल असेल आणि त्याच्या तोंडावर मुरूम असतील, तर आज रात्री आरशाखालच्या फळीवरची प्रत्येक ट्यूब उचलून मागे काय लिहिलंय ते वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं काही दिसलं तर ट्यूब एकदम बंद करू नका. उद्या सकाळी ती पोराबरोबर घेऊन मेडिकलच्या किंवा मेयोच्या त्वचाविभागात जा.